परत न येणारा यो-यो

यो-यो म्हणजे काय, हे शेंबडे पोरही सांगेल: खाली टाकला की वर येतो तो यो-यो. आज स्पर्धांमध्ये वापरला जाणारा धातूचा यो-यो मात्र खाली टाकला की खालीच राहतो. मनगटाला झटका द्या, दोरी ओढा, सैल सोडा; तो टोकाशी निवांत गरगरत राहतो आणि शेवटी दमून लोंबकळतो. असा यो-यो पहिल्यांदा हाती आला तेव्हा तो बिघडलेला आहे, अशी माझी खात्रीच झाली होती. तो बिघडलेला नव्हता. हाकेला ओ न देणे हाच त्याचा गुण होता. जुन्या यो-योचा सर्वांत मोठा गुण नव्यात दोष कसा ठरला, याचा शोध घेताना मी बराच वेळ घालवला आणि एक चूकही केली. तिच्याकडे शेवटी येतो.

खेळणे प्राचीन आहे. बर्लिनच्या संग्रहालयातल्या एका ग्रीक पात्रावर, सुमारे इ. स. पूर्व ४४० च्या, एक मुलगा ते खेळताना दिसतो. आपल्याकडे बुंदी किंवा कोटा शैलीतल्या सुमारे १७७० च्या लघुचित्रात एका स्त्रीच्या हाती ते आहे. उत्तरेत त्याला चकरी म्हणत. पण यांत्रिकदृष्ट्या खरा बदल घडला तो गाठीत. दोरी आसाला घट्ट बांधली, तर ती संपताक्षणी चकरी उलटी गुंडाळत वर चढते, खाली थांबूच शकत नाही. फिलिपिन्समधली पद्धत वेगळी होती: दोरीला पीळ देऊन तिचा फासा आसाभोवती नुसता अडकवायचा. पेद्रो फ्लोरेस या फिलिपिनो गृहस्थाने १९२८ साली कॅलिफोर्नियात कारखाना काढला तो या फाशाच्या यो-योचा. आता आस फाशात घसरू लागला आणि यो-यो खाली फिरत राहू लागला. खेळाडू याला यो-यो ‘झोपला’ म्हणतात.

त्याला जागे कोण करते? झटका दिला की दोरीवरचा ताण क्षणभर नाहीसा होतो, फासा आसाला चिकटतो, फिरणारा आस दोरीचा पहिला वेढा ओढून घेतो. मग पुढचे वेढे आपोआप. म्हणजे ज्या घर्षणाने झोप मोडते, तेच घर्षण झोप कमीही करते. फासा सतत घासत असल्याने वेग खर्ची पडतो. यात वजनाचाही वाटा आहे, कारण यो-योच्या भारानेच दोरी ताठ राहते. १९८५ साली डिस्कव्हरी यानातून अंतराळात नेलेला यो-यो तिथे झोपेना, तो या भाराअभावी.

माझ्याकडे दाबून घडवलेल्या पत्र्याचा एक जुना यो-यो आहे. आतून पोकळ, वजनाला हलका, दोन वाट्यांमधली फट इतकी अरुंद की दोरीला इकडेतिकडे व्हायला वावच नाही. टाकताच वर येतो, नको असतानाही येतो. दुरुस्तीची सोय नाही; आस झिजला की खेळणे संपले. सॅन फ्रान्सिस्कोचे दंतवैद्य टॉम कून यांनी १९७८ साली उघडता येणारा, आस बदलता येणारा लाकडी यो-यो बाजारात आणला, त्यामागची निकड हा पत्रा हातात घेतला की लगेच कळते.

घासणाऱ्या आसाला पर्याय बेअरिंग. स्वीडनच्या एसकेएफ या बेअरिंग बनवणाऱ्या कंपनीने १९८४ मध्ये असे काही यो-यो काढले होते, पण धातूच्या यो-योला खरी दिशा दिली ती कून यांच्याच १९९० च्या ‘सिल्व्हर बुलेट २’ ने. ॲल्युमिनियमचे अंग, मध्ये बेअरिंग आणि कमीजास्त करता येणारी फट. बेअरिंगचे बाहेरचे कडे दोरीबरोबर स्थिर राहते, आतला आस फिरतो. त्यामुळे झोप कितीतरी लांबते. पण मग ओ कोण देणार? फासा स्थिर कड्याला कितीही चिकटला तरी गुंडाळी होत नाही. ते काम आता फटीच्या दोन्ही भिंतींना करावे लागते. म्हणून फट हेच नियंत्रणाचे साधन झाले: आवळली की दोरी भिंतींना घासून पटकन वर, सैल केली की झोप गाढ. बेअरिंगमधले तेलही महत्त्वाचे. दाट वंगणाचा थेंब टाकला की कडे आसाबरोबर थोडे ओढले जाते आणि यो-यो आज्ञाधारक होतो. धुऊन कोरडे केले की हट्टी.

नव्या यो-योने हा हट्ट शेवटाला नेला. सर्वसाधारण आकाराचे बेअरिंग बाहेरून १२.७ मिलिमीटर व्यासाचे आणि ४.७६ मिलिमीटर रुंदीचे असते, म्हणजे फटही साधारण तेवढी. भिंतीत गोल खाच पाडून त्यात सिलिकॉनची चकती बसवतात, ती जवळपास भिंतीच्या पातळीत. सैल दोरी तिला लागत नाही. परत आणायचे तर दोरीची घडी करून ती फटीत सरकवायची. दुपटीची जाडी सिलिकॉनला अडकते आणि यो-यो हातात येतो. हा खटाटोप कशासाठी? आजचा खेळाडू एकाच फटीत दोरीचे चार-पाच पदर घालतो. प्रत्येक सैल पदराला यो-यो ओ देऊ लागला तर डाव पुरा होण्याआधीच बोटांच्या पेरांवर आदळेल.

अंगाचा आकारही त्यासाठीच बदलला. वाट्या फटीकडे निमुळत्या होत जातात, त्यामुळे दोरीवर यो-यो झेलणे सोपे होते. वजन साधारण ६२ ते ६८ ग्रॅमच, पण ते कडेला ढकललेले. तेच वस्तुमान मध्यापासून १५ मिलिमीटरऐवजी २५ मिलिमीटरवर ठेवले, तर फिरण्याचे जडत्व पावणेतीनपट होते. म्हणून ॲल्युमिनियमच्या अंगावर पोलादी कडे चढवतात. पोलाद जवळपास तिप्पट घन.

माझी चूक इथलीच. नव्वदच्या दशकातल्या एका ॲल्युमिनियमच्या यो-योला मी मित्राच्या लेथवर चढवून सिलिकॉनची खाच पाडली. हौशी मंडळी असे सर्रास करतात. यो-यो सुरेख चालू लागला. वर्षभराने जुन्यानव्यांची तुलना लिहायला बसलो, तेव्हा ध्यानात आले की मूळ भिंत दोरीला कशी धरत होती, हे तपासायला माझ्याकडे भिंतच उरली नव्हती. कातलेला धातू परत येत नाही. तसा दुसरा, न छेडलेला नग मिळवायला मला चार वर्षे लागली. त्याचे बेअरिंग गंजलेले आहे आणि दोरी बहुधा कापसाची. गंज मी काढलेला नाही. आधी फट मोजली, मग दोरी न सोडवता तो तसाच डबीत ठेवला.