नव्या कुटुंबाचे बोट कोण धरणार?

जून महिन्यात शाळा उघडतात तेव्हा सांगली-मिरजेतील प्रत्येक शाळेच्या फाटकाशी एक दृश्य हमखास दिसते. नव्याने प्रवेश घेतलेले मूल आईचा पदर सोडायला तयार नसते आणि आईलाही वर्ग कोणत्या बाजूला आहे, डबा कधी खायचा, चौकशी कोणाकडे करायची, यातले काहीच ठाऊक नसते. शिपाईमामा बोट दाखवतात, तेवढेच काय ते स्वागत. परदेशातील अनेक ज्यू शाळांमध्ये मात्र हे काम विचारपूर्वक वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांकडे सोपवले जाते. निवडक विद्यार्थी-प्रतिनिधी नव्या मुलाला आणि त्याच्या पालकांनाही शाळा हिंडून दाखवतात, सणवारांच्या रीती समजावून देतात आणि पहिले काही आठवडे त्यांची विचारपूस करतात. शाळेत एका मुलाने प्रवेश घेतला तरी समाजात एक अख्खे कुटुंब दाखल होते, असा त्यामागचा विचार आहे.

या विचाराचे मूळ बरेच जुने आहे. पाहुण्याला घरात घेणे हे ज्यू परंपरेत धर्मकर्तव्यच मानले जाते. वाटेने येणारे तीन अनोळखी पुरुष दिसताच धावत सामोरा गेलेला अब्राहाम हा त्याचा आदर्श. शाळेच्या संदर्भात मात्र त्याहून बोलका आहे तो तालमूद या धर्मग्रंथातील एक उतारा. पूर्वी प्रत्येक बाप आपल्या मुलाला शिकवीत असे, परिणामी ज्याला बाप नाही तो अडाणी राहत असे, अशी स्पष्ट कबुली त्यात आहे. पुढे यहोशुआ बेन गमला या धर्मगुरूने गावोगावी शिक्षक नेमून सहा-सात वर्षांच्या मुलांना शाळेत घालण्याची व्यवस्था केली, म्हणून त्याचे स्मरण करावे, असे ग्रंथ सांगतो. म्हणजे शाळा जन्माला आली ती ज्याचे बोट धरायला कोणी नाही अशा मुलासाठी. त्याच ठिकाणी पटसंख्येचाही हिशेब आहे. पंचवीस मुलांमागे एक शिक्षक, पन्नास झाली तर दोन आणि चाळीस असतील तर शिक्षकाला एक मदतनीस द्यावा. हा मदतनीस म्हणजे शिक्षकाचा पाठ ऐकून तो इतरांकडून घोटवून घेणारा थोरला विद्यार्थीच, असा अर्थ भाष्यकारांनी लावला आहे. मुलांना शिक्षणासाठी रोज एका गावाहून दुसऱ्या गावी नेऊ नये, मध्ये नदी असेल तर पूल भक्कम असल्याखेरीज पलीकडच्या शाळेत धाडू नये, असेही त्यात बजावले आहे. कृष्णा-वारणेच्या पुराशी दर पावसाळ्यात गाठ पडणाऱ्या वाचकाला हे कलम विशेष पटावे.

थोरल्या मुलाने धाकट्याला शिकवण्याची ही रीत आपल्याकडे वेगळ्या वाटेने आली, किंबहुना ती इथलीच होती. मद्रासच्या अनाथालयातील मुलांना शिकवताना अँड्र्यू बेल या धर्मोपदेशकाने देशी शाळेत मुले वाळूवर अक्षरे गिरवतात हे पाहिले, मोठ्या मुलांकडे लहानांचे वर्ग सोपवून पाहिले आणि 1797 मध्ये या प्रयोगावर लंडनमध्ये पुस्तक काढले. जोसेफ लँकेस्टरने इंग्लंडात तशीच पद्धत रूढ केली. तीत अशा मुलांना ‘मॉनिटर’ म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही पद्धत मुंबई इलाख्यातील शाळांमध्ये आली. आज मॉनिटर म्हणजे गप्पा मारणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणारा, एवढेच त्याचे काम उरले आहे, ही गोष्ट वेगळी.

महाराष्ट्रात ज्यू शाळेची कथा सुरू होते ती बेने इस्रायल समाजापासून. गलबत फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या मोजक्या स्त्री-पुरुषांचे आपण वंशज, अशी या समाजाची परंपरागत समजूत. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. रोहेकर, पेणकर, दिवेकर, केहिमकर ही त्यांची आडनावे गावांवरून आलेली, तर घरातली बोली मराठीच. अठराव्या शतकापासून ही कुटुंबे मुंबईत येऊ लागली. 1796 मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी तिथे या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले.

मुलांच्या शिक्षणासाठी या कुटुंबांपुढे प्रारंभी मिशनरी शाळा होत्या. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन यांनी मराठी जाणणाऱ्या या मुलांना हिब्रू शिकवले, त्यासाठी मराठीतून हिब्रू व्याकरणही छापले. स्वतःच्या धर्मग्रंथाची भाषा परधर्मीयांच्या शाळेत शिकावी लागणे समाजातील जाणत्यांना बोचत असल्यास नवल नाही. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह 1875 मध्ये मुंबईत इस्रायली शाळा काढली. शाळेत मराठी, इंग्रजी आणि हिब्रू अशा तिन्ही भाषांना स्थान होते. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनने आर्थिक साह्य दिले. पुढे 1930 च्या दशकात हाँगकाँग-शांघायचे व्यापारी सर एली कदूरी यांच्या देणगीमुळे शाळेला त्यांचे नाव मिळाले.

माझगावच्या या शाळेला घडवले ते मुख्याध्यापिका रिबेका रूबेन यांनी. पुण्याच्या हुजूरपागेत शिकून इंग्लंडमध्ये अध्यापनाचे प्रशिक्षण घेतलेल्या या विदुषीने 1922 ते 1950 अशी तब्बल अठ्ठावीस वर्षे शाळेची धुरा वाहिली. मुलींनी मॅट्रिक होणेच अपूर्वाईचे होते अशा काळात एका मुलीनेच या टप्प्यावर पोचून समाजाची शाळा चालवावी, ही घटना साधी नव्हे. कोकणातून नव्याने आलेल्या कुटुंबाला अशा शाळेत मराठी ऐकू येई, शनिवार पाळण्याबद्दल खुलासा करावा लागत नसे. स्वागत म्हणतात ते बहुतेक वेळा असल्याच लहान सवलतींचे बनलेले असते.

1948 नंतर चित्र उलटले. भारतातील सुमारे वीस हजारांचा हा समाज इस्रायलकडे निघाला आणि तिथे मराठी कुटुंबेच नवखी ठरली. स्वागत गोड झाले नाही. भेदभावाच्या तक्रारींवरून 1951-52 मध्ये काही बेने इस्रायलांनी निदर्शने केली, परत पाठवा असा आग्रह धरला आणि त्यांतील काही जण भारतात परतलेही. त्यांच्याशी विवाह करावा की नाही, असा वाद धर्मपीठाने उभा केला, तो 1964 मध्ये संसदेने त्यांच्या बाजूने ठराव केल्यावर निवळला. पाहुण्याला सामोरे धावणाऱ्या अब्राहामाच्या वंशजांनी आपल्याच भाऊबंदांना दाराशी तिष्ठत ठेवावे, हा विरोधाभास त्या पिढीला विसरता आला नाही. हिब्रू आधी आली ती मुलांना, आणि शाळेतून घरी परतणारी तीच मुले आईवडिलांची दुभाषी झाली. विद्यार्थी-प्रतिनिधी नेमण्याची तिथे गरजच पडली नाही, परिस्थितीनेच ते काम त्यांच्यावर टाकले.

इकडे माझगावच्या शाळेत ज्यू विद्यार्थी जवळपास उरले नाहीत. आसपासच्या वस्त्यांतील मुस्लिम मुलांचा भरणा मोठा झाला, भायखळ्याच्या जेकब ससून शाळेचेही तेच झाले. नाव ज्यू दात्याचे आणि बाकावर शेजारची मुले. जगात ज्यू-मुस्लिम संघर्षाच्या बातम्या येत असताना या दोन शाळा शांतपणे चालू राहिल्या, याची दखल क्वचितच घेतली जाते.

या परिसरापुरते पाहायचे तर विद्यार्थ्यांनीच घर चालवण्याचा धडा साताऱ्यात गिरवला गेला आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये कराडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापली, 1924 पासून साताऱ्यात बोर्डिंग चालवले आणि 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. निरनिराळ्या जातिधर्मांची मुले तिथे एकत्र राहत, स्वयंपाक आणि झाडलोट स्वतः करीत. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही विकल्याची कथा सर्वश्रुत आहे. खेड्यातून वळकटी घेऊन आलेल्या पोराला जात न विचारता पंगतीत बसवणारी होती ती आदल्या वर्षी आलेली पोरेच.

आजही सांगली-साताऱ्याच्या साखरपट्ट्यात गळीत हंगामाबरोबर मराठवाड्यातून ऊसतोड मजुरांची कुटुंबे येतात आणि त्यांच्यामागोमाग शाळेच्या वयाची मुले. दाखला नाही म्हणून प्रवेश अडवू नये, असे 2009 चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. मस्टरवर नाव चढवणे मुख्याध्यापकांच्या हाती आहे. कोपीतून आलेल्या मुलाशेजारी पहिल्या दिवशी कोण बसणार, हे मात्र वर्गातली मुलेच ठरवतात.