कुपीतले दहा डोस

"सर्टिफिकेट हाय का?" ग्रामपंचायतीचा कर्मचारी चहाच्या हॉटेलासमोर उभा राहून विचारतोय. बाकावरचे चौघं त्याच्याकडं बघतात, मग एकमेकांकडं. हॉटेलवाला झारा कढईवर तसाच धरून म्हणतो, "माझे दोन्ही झालेत, मोबाइलमधी हाय. गिऱ्हाइकाला म्या कसं उठवू? चहा पिलेल्या माणसाला दाराबाहेर काढू का?"

डिसेंबर २०२१ चा दुसरा आठवडा. हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावचा बाजार भरलाय. एसटीचा संप चालूच आहे, त्यामुळे माणसं काळी-पिवळीत कोंबून, टमटममध्ये, दुचाकीवर तिघं-तिघं अशी येतायत. मेथी, हरभऱ्याची भाजी, वांगी, शेवग्याच्या शेंगा. मास्क आहेत, पण बहुतेकांच्या हनुवटीवर.

२७ नोव्हेंबरला सरकारचा नवा आदेश निघालाय. कोरोना लसीचे दोन्ही डोस घेतलेल्यांनाच दुकानात, गाडीत, समारंभात प्रवेश. नियम मोडणाऱ्याला ५०० रुपये दंड, दुकानदाराला १०,०००. "दहा हजार," हॉटेलवाला पुन्हा पुन्हा म्हणतो. "दीड वर्षातले किती महिने ही कढई पालथी होती, ते कुणी मोजलं का?"

बाकावरचा पोरगा आता उठतो. विशी-बाविशीचा. "सेनगावात एकवीस तारखेला नगरपंचायतीचं मतदान हाय. तिकडं सभेला माणसं टेम्पो भरून न्यायलेत. तिथं इचारायलेत का सर्टिफिकेट? आमालाच काऊन?"

कर्मचाऱ्याकडं उत्तर नाही. तो गावातलाच आहे, उद्या याच बाकावर चहाला बसणार आहे. तो वहीत काहीतरी लिहितो आणि पुढच्या दुकानाकडं सरकतो. पोराचा प्रश्न मला रास्त वाटतो. नियम कडक असला तरी माणूस सोसतो. शेजाऱ्याला एक आणि आपल्याला एक झाला की त्याच्या मनातून तो नियम उतरतो, आणि त्याच्याबरोबर लसही.

भाजीवाल्यांच्या रांगेत वेगळंच भय आहे. ४ तारखेला डोंबिवलीत ओमायक्रॉन या कोरोनाच्या नव्या अवताराचा रुग्ण सापडला, ही बातमी इथं ताज्या मेथीइतकीच फिरतेय. सगळ्यांच्या तोंडी एकच, "पुन्हा बंद होतंय का?" टोपलीमागं बसलेली एक मावशी एप्रिलमधलं सांगते. तेव्हा सकाळी सात ते अकरा एवढीच मुभा होती. "अकराला शिट्टी वाजली की निम्मी टोपली तशीच घेऊन घरला. वांगी ढोरापुढं टाकलीत म्या." मग ऑगस्टमध्ये पंचवीस जिल्ह्यांना सूट मिळाली, त्यात हिंगोली होता, दुकानं आधी रात्री आठपर्यंत, मग दहापर्यंत. ४ ऑक्टोबरला पाचवीपासून पुढच्या शाळा उघडल्या, ७ ऑक्टोबरला मंदिरं. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जाऊन आल्याचं मावशी मोठ्या आनंदानं सांगते. लस घेतली का, विचारल्यावर मात्र टोपलीतल्या जुड्या नीट लावायला घेते.

लस आहे कुठं? शाळेच्या वऱ्हांड्यात. तिथं दोन टेबलं मांडलीत, निळी शीतपेटी ठेवलीय, बाजूला अर्धा तास बसायच्या खुर्च्या. पलीकडच्या वर्गांत पहिली ते चौथीची पोरं आहेत. त्यांची शाळा १ डिसेंबरलाच सुरू झालीय. दुसरीतल्या कितीतरी मुलांनी शाळेचा वर्ग आतून पहिल्यांदाच पाहिलाय. एक मुलगी दाराच्या फटीतून सुईकडं बघतेय आणि गुरुजी तिला आत ओढतायत.

नर्सबाईंसमोर सात माणसं बसलीत, आणि कुपी अजून उघडलेली नाही.

हे कोडं बाजारातल्या कुणाला माहीत नाही, म्हणून सांगतो. कोविशिल्डच्या एका कुपीत दहा डोस असतात. कुपी उघडली की चार तासांत संपवावी लागते. उरलेले डोस टाकून द्यायचे आणि वाया गेले म्हणून लिहायचे. म्हणून नर्सबाई दहा माणसांची वाट बघतायत. वाट बघता बघता आलेली माणसं उठून जातात. काठी टेकत आलेले एक आजोबा सकाळपासून बसलेत. "एवढा वेळ काय करायलात, बाई? माझा नातू बैल सोडून आलाय मला आणायला." नर्सबाई हात जोडतात, "थांबा बाबा, अजून तिघं येऊ द्या."

एका माणसाचं म्हणणं तर ऐकून घ्यावंच लागतं. तो मे महिन्यात याच लसीसाठी पहाटे रांगेत उभा होता. तेव्हा लस नव्हती. १८ ते ४४ वयाचं लसीकरण १ मेला सुरू झालं आणि तुटवड्यामुळं राज्याला ते दोन आठवड्यांच्या आत थांबवावं लागलं. "मोबाइलवर नंबर लावायचा म्हणे. आमच्या शिवारात रेंजच नाई. शहरातली पोरं मोटारीनं यायची, टोचून घ्यायची, जायची. आमी बघत बसायचो. तव्हा आमी मागत होतो, तुमी दिली नाई. आता तुमी मागं लागलात, तर आमीच दोषी?" त्याचा आवाज चढलाय. त्याच महिन्यात त्याचा थोरला भाऊ गेला, हे तो शेवटी, खुर्चीवर बसताना सांगतो. दंडाची बाही वर करून तो पहिला डोस घ्यायला बसलाय. रागावून आलाय, पण आलाय.

तो मे हिंगोली विसरलेली नाही. १६ तारखेला खासदार राजीव सातव पुण्याच्या रुग्णालयात वारले आणि दुसऱ्या दिवशी कळमनुरीत त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. सेहेचाळीस वर्षांचा माणूस. वऱ्हांड्यातही त्यांचं नाव निघतंच. "त्यांला पुण्याचे डॉक्टर होते, तरी नाई वाचले," एक जण म्हणतो. त्यावर शेजारचा म्हणतो, "म्हणून तर घे ना बाबा आधीच."

३ नोव्हेंबरला पंतप्रधानांनी ज्या जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांशी बैठक घेतली, त्यांत हिंगोली होता. पहिला डोसही निम्म्याहून कमी लोकांना मिळालेला जिल्हा म्हणून. त्यानंतर आठवड्याच्या आत औरंगाबादला जिल्हाधिकारी सुनील चव्हाण यांनी लस नसेल तर रेशन आणि पेट्रोल नाही, असा आदेश काढला. तो शेजारच्या जिल्ह्यांत अफवा होऊन पसरला. गोरेगावातही कालपासून कुणीतरी उठवलंय की पुढच्या महिन्यात गहू-तांदूळ बंद. दोन बाया केवळ त्या भीतीनं आल्यात. एक घाईनं विचारते, "टोचल्याचा कागद आजच मिळंल ना? रेशनवाल्याला दाखवायचाय." भीतीनं आलेली बाई दुसऱ्या डोसाला येईल का? मला तशी आशा वाटत नाही. आणि जिच्या घरात खरोखरच रेशनावर चूल पेटते, तिला धान्याची धमकी देणं मला सहन होत नाही.

ज्यांच्यावर माणसं विश्वास ठेवतात त्या आशाताई टेबलाच्या कडेला उभ्या आहेत, हातात चुरगळलेलं रजिस्टर. जूनमध्ये राज्यभरातल्या आशा सेविका मानधनासाठी आठवडाभर संपावर होत्या, त्यात याही. आता त्या घराघरांत फिरतायत. रजिस्टरात कितीतरी नावांपुढं पेन्सिलीनं लिहिलंय: ऊसतोड. दिवाळीच्या आगेमागे ही जोडपी सांगली-कोल्हापूरकडं गेली. पहिला डोस सप्टेंबरात इथं झाला, दुसऱ्यासाठीचे ८४ दिवस भरले ते तिथल्या फडात. जिल्ह्याच्या कागदावर ही सगळी 'दुसरा डोस बाकी' अशी दिसतात आणि वरून विचारणा येते, तुमच्या गावचे लोक लस का घेत नाहीत?

ताई एकीला फोन लावतात. "अगं, जवळच्या दवाखान्यात जा, तिथंबी मिळती. आधार कुठंय?" पलीकडून आवाज येतो, कोयत्याचा आणि बाईचा. आधार घरीच राहिलंय. ताई दिराचं नाव विचारतात, त्याला फोन करतात, आधारकार्डाचा फोटो मागवतात. एका डोसासाठी तीन फोन. या कामाची नोंद कुठल्याही टक्केवारीत होत नाही.

आता आजोबा काठी घेऊन उठायच्या तयारीत आहेत. नर्सबाई घड्याळ बघतात, मग शीतपेटीचं झाकण उचलतात.

"उघडते," त्या म्हणतात.

"सातच झालेत, मॅडम," कॉम्प्युटरवरचा मुलगा म्हणतो.

"हे बाबा परत यायचे नाहीत. उघडते. राहिलेले तिघं ताई आणतील." कुपीचं टोपण निघतं. आजोबांच्या दंडावर कापूस फिरतो. निर्णय छोटा आहे, पण तीन डोस वाया गेले तर जाब नर्सबाईंना द्यावा लागेल. त्या बरोबर वागल्या, असं मी कुणालाही सांगेन.

ताई रजिस्टर बगलेत मारून बाजाराकडं निघतात, मीही मागं. हॉटेलवाल्याचा भाचा पहिल्याच हाकेला येतो. मामानं त्याला कढईपासून ढकलूनच दिलंय. दुसरा माणूस अडत्याच्या पाटीखाली सापडतो. कापूस वेचायला जायचंय, ताप आला तर रोज बुडेल, म्हणतो. ताई सांगतात, "संध्याकाळी घे, रात्री गोळी खा, सकाळी मी बघून जाते." कुपीचे चार तासही त्या सांगतात. संध्याकाळ त्यांत बसते का, असं तो विचारतो, आणि मग दोघंही हिशेब करतात. बसते.

तिसरी ती टोपलीवाली मावशी. तिचं ठाम उत्तर तयार आहे. "मेथी कोण इकंल? सांजच्याला ही सुकून जाती."

ताई पदर खोचतात, टोपलीमागं मांडी घालून बसतात आणि म्हणतात, "जा तू मावशी. कितीला देतेस जुडी?"

"दहाला दोन," मावशी उठता उठता सांगते. "अन् धा रुपयाला तीन मागितली तर देऊ नको."