बॅडमिंटन : एकेरी सामन्याचे नियम

दोन खेळाडूंत होणाऱ्या बॅडमिंटन सामन्याचे नियम. एकेरीसाठी क्रीडांगण १३.४० मी. लांब व ५.१८ मी. रुंद असते, दुहेरीत वापरले जाणारे कडेचे पट्टे वगळतात. जाळ्याची उंची मध्यभागी १.५२४ मी. असते. फूल रेषेवर पडल्यास ते आत पडले असे मानतात.

सर्व्हिस करणाऱ्याचे गुण शून्य वा सम असल्यास तो उजव्या, विषम असल्यास डाव्या क्षेत्रातून समोरील तिरप्या क्षेत्रात फूल मारतो. हे क्षेत्र जाळ्यापासून १.९८ मी. अंतरावर सुरू होऊन थेट मागील सीमारेषेपर्यंत जाते. दुहेरीत ते अलीकडेच संपते. म्हणून उंच व खोल सर्व्हिस एकेरीत अधिक उपयुक्त ठरते. मारताना फूल कमरेखाली असावे, हा जुना नियम पंचांच्या अंदाजावर विसंबून असल्याने वादाचा ठरे. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धांत त्याऐवजी जमिनीपासून १.१५ मी. ही मर्यादा आली.

पूर्वी गुण केवळ सर्व्हिस करणाऱ्यासच मिळत. त्याची चूक सर्व्हिस गमावण्यावरच भागत असे. २००६ मध्ये स्वीकारलेल्या पद्धतीत प्रत्येक चुकीने प्रतिस्पर्ध्यास एक गुण मिळू लागला. तीत डाव २१ गुणांचा असून २०–२० अशा बरोबरीनंतर दोन गुणांची आघाडी लागते. २९–२९ झाल्यास तिसावा गुण निर्णायक होतो. तीनपैकी दोन डाव जिंकणारा विजयी ठरतो. प्रत्येक डावानंतर, तसेच तिसऱ्या डावात ११ गुणांवर, खेळाडू बाजू बदलतात. बंदिस्त सभागृहातही हवेचा झोत फुलास वाहून नेत असल्याने ही अदलाबदल नाममात्र नसते.