बासी ईदचं जेवण

रमजान सुरू झाला की दादर-गिरगावच्या मित्रांचे फोन येतात, "इफ्तारीला कुठं जायचं?" त्याचं उत्तर सोपं आहे. मोहम्मद अली रोडला मिनारा मशिदीच्या आसपास जा, मालपुवा नि फिरनी खा. गेल्या वर्षी आमच्या घरातला प्रश्न मात्र वेगळा होता. अब्बा-अम्मीच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली होती. दोघांना एकदा मोठ्या हॉटेलात न्यायचं आणि सोबत लालबागचे काका-काकू हवेतच, असं आम्ही भावंडांनी ठरवलं.

अब्बा आणि काका एकाच गिरणीत, साचेखात्यात शेजारी शेजारी. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले. त्या वर्षी जून-जुलैत रमजान आला, तेव्हाही संप चालूच होता. काकांनी कोकणातून गावचा तांदूळ आणला आणि अर्धं पोतं मदनपुऱ्याला आमच्या खोलीत आणून टाकलं. त्या महिन्यात सहेरीला आम्ही तोच भात खाल्ला.

आता काकांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. अब्बांना हलाल हवं आणि शेजारच्या टेबलावर दारू नको. अम्मीला जिने चढवत नाहीत. सगळ्यांना जमेल अशी जागा शोधायची होती.

आधी दिवस ठरवला. इफ्तार घड्याळावर चालते. मार्चमध्ये मुंबईत सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, आणि अशा हॉटेलांत रात्रीचं जेवण बहुधा सातनंतरच सुरू होतं. त्यात मगरिबची नमाज आणि थोड्या वेळानं तरावीह. एकामागून एक येणारे पदार्थ निवांत खायला सवड कुठली? म्हणून बासी ईदची, म्हणजे ईदच्या दुसऱ्या दिवसाची दुपार धरली. दुपारी गोंगाट आणि दारू दोन्ही कमी असतात.

मग फोन. "हलाल आहे" एवढ्यावर थांबू नका, मटण-चिकन कुठून येतं तेही विचारा. शाकाहारी जेवणाची भांडी आणि तेल वेगळं असतं का, तेही. लिफ्ट आहे का आणि बाहेर पडायची दुसरी वाट कुठून, हे विचारायला लाजू नका. २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारात आग लागली, त्यात १४ जण गेले.

पैशाचंही आधीच बोलून घ्यावं. साध्या रेस्टॉरंटात जेवणावर ५ टक्के जीएसटी लागतो, तर ज्या हॉटेलात खोलीचं भाडं साडेसात हजारांवर आहे तिथं १८ टक्के. सेवाशुल्क सक्तीचं नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं तसं जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही ते उचलून धरलं.

या सगळ्यात बसलेली जागा निघाली लोअर परळला, अब्बांच्याच जुन्या गिरणीच्या आवारात. आम्ही बिचकलो. अब्बांना वाईट वाटलं तर? विचारलं, तर म्हणाले, "चला की. बघू तरी."

दारातून आत शिरल्यावर दोघं म्हातारे थांबले. चार नंबरची लाइन कुठून कुठं जायची, यावरून वाद घालत त्यांनी फरशीवर पावलं मोजली. वेटर अदबीनं म्हणाला, "पहिल्यांदाच आलात का, सर?"

"नाही रे," काका म्हणाले, "बारा वर्षं रोज येत होतो."

काकांसाठी भाज्या आल्या, अब्बांसाठी बिर्याणी. काकूंनी साधा भात मागवला. तो इवल्याशा वाटीत आला तेव्हा अम्मी आणि काकू एकमेकींकडे बघून हसत सुटल्या.

बिल आलं तसा काकांचा हात खिशाकडे गेला. अब्बांनी तो धरला.

"पोत्याचं राहिलंय," एवढंच म्हणाले.

यंदा बासी ईदला काकूंनी आम्हा सगळ्यांना लालबागला जेवायला बोलावलंय.