छोट्या झांजेची मोठी करामत

आमच्या भाईंदरात एकादशीच्या भजनाला टाळ असतात, गणपतीच्या मिरवणुकीत झांजा असतात आणि उत्तनच्या ख्रिस्ती लग्नात ब्रास बँड. या आवाजांत वाढलेल्या कानांना आज ड्रमसेटवरच्या एका छोट्या झांजेची ओळख करून द्यायची आहे. तिचे नाव स्प्लॅश. पाण्यात खडा टाकला की जसा आवाज उडतो, तसाच तिचा नाद. म्हणून हे नाव.

तिचा व्यास साधारण 6 ते 12 इंच. आठ आणि दहा इंची जास्त चालतात. चांगली स्प्लॅश काशाची, म्हणजे तांबे आणि कथील यांच्या मिश्रणाची. उंची झांजांत बहुधा 80 टक्के तांबे आणि 20 टक्के कथील असते. स्वस्त झांजा पितळेच्या असतात आणि त्यांचा आवाज बोथट वाटतो.

आता आपला टाळ आठवा. तो तळहाताएवढा, पण जाड. म्हणून त्याचा स्वर स्वच्छ ऐकू येतो आणि बराच वेळ घुमतो. स्प्लॅश मात्र पातळ असते. काठीचा हलका स्पर्श झाला तरी सगळा पत्रा एकदम थरथरतो. अनेक कंपने एकमेकांत मिसळतात, त्यामुळे एक ठरावीक स्वर न उमटता ‘छस्स’ असा फवारा उडतो. आकार लहान म्हणून आवाज उंच, आणि धातू थोडा म्हणून तो लगेच विरतो. मोठी क्रॅश झांज मागे लांब गुंजन ठेवते. स्प्लॅश बोलते आणि गप्प बसते.

हे गप्प बसणेच वादकांना आवडले. 1920-30च्या दशकांतल्या जॅझमध्ये ती रुळली. जीन क्रुपासारख्या ड्रमरने तिला नाव मिळवून दिले. पुढे 1970च्या दशकाच्या अखेरीस ‘द पोलीस’ या बँडच्या स्टुअर्ट कोपलंडने तिला पुन्हा पुढे आणले.

माझी पहिली स्प्लॅश एका नवरात्रातच तडकली. ऑर्केस्ट्राच्या गोंगाटात ती ऐकू येईना, म्हणून मी तिला क्रॅशसारखी बडवली. वर नटही आवळून ठेवला होता. कडेला केसासारखी रेघ आली आणि चार दिवसांत आवाज खरखरू लागला. एकदा चीर पडली की पूर्वीचा नाद परत येत नाही. तेव्हा काठी तिरकी घासून मारावी, नट सैल ठेवावा आणि झांजेखाली फेल्टची चकती जरूर घालावी. आवाज कमी पडला तर माइक जवळ आणावा, हात जड करू नये.

विकत घेताना दुकानदाराला ती हळूच वाजवायला सांगा आणि चार पावले मागे उभे राहून ऐका. हलक्या हाताने ती उघडते का आणि किती चटकन विरते, एवढे पाहिले तरी पुरे. नंतर एखाद्या कार्यक्रमात गायकाची ओळ संपताना कान द्या. पुढची ओळ सुरू होण्याआधीच्या त्या इवल्या जागेत ती तुम्हाला सापडेल.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)