१ जूनची माणसं, २६ जूनचा फळा

पावसाळ्यात गगनबावड्यातल्या शाळेचा फळा दमट होतो. खडू ओढला की रेघेऐवजी पांढरा चिखल उमटतो. म्हणून ज्याची पाळी असेल तो मुलगा आधी कोरड्या फडक्यानं फळा पुसतो, थोडा थांबतो आणि मग लिहायला घेतो. वर वार, तारीख, तिथी. खाली सुविचार. त्याखाली दिनविशेष : जन्म, मृत्यू, घटना. कोल्हापूर जिल्ह्यातला सगळ्यांत जास्त पाऊस झेलणारा हा तालुका. पत्र्यावर सर कोसळू लागली की परिपाठातली प्रतिज्ञा मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही, बोधकथेचं तर विचारूच नका. फळ्यावरचं मात्र सगळ्यांना दिसतं.

मी पाहिला तो २६ जूनचा फळा. त्याची तयारी आदल्या दुपारीच सुरू होते. सरांच्या टेबलावर तीन गोष्टी असतात : भिंतीवरून काढलेलं कॅलेंडर, मोबाइल आणि एक जाड वही. शिक्षकांच्या ग्रुपवर रोज रात्री ‘आजचा परिपाठ’ तयार होऊन येतो. तो जसाच्या तसा उतरवायला पाच मिनिटंही लागत नाहीत. बऱ्याच ठिकाणी तेच होतं. इथल्या सरांचा मोबाइलवर विश्वास कमी, वहीवर जास्त. वहीत प्रत्येक तारखेला एक पान आहे आणि पानावर दोन-तीन वेगवेगळ्या हातांची अक्षरं आहेत, कारण ती आधीच्या गुरुजींकडून आली आहे. नियम असा, की नवी ओळ दोन ठिकाणी सापडल्याशिवाय वहीत चढत नाही. आणि फळ्यावर जागा पाच ओळींचीच.

२६ जूनला पाच ओळी म्हणजे फार अडचण. कोल्हापुरात पहिली ओळ ठरलेलीच : १८७४, राजर्षी शाहू महाराज यांचा जन्म, सामाजिक न्याय दिन. त्यावर चर्चा नाही. पण सरांनी वहीतलं पान उलटून मला दाखवलं, तिथं जुन्या अक्षरात ‘२६ जुलै’ लिहून खोडलेलं होतं. काही जुन्या पुस्तकांत महाराजांची जन्मतारीख २६ जुलै १८७४ अशी छापलेली दिसते. आता सरकारी कार्यक्रम, मिरवणुका, व्याख्यानं सगळं २६ जूनलाच होतं. गंमत अशी की २६ जुलै रिकामी राहत नाहीच. १९०२ साली त्याच तारखेला महाराजांनी संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. म्हणजे या माणसासाठी दोन्ही महिन्यांच्या २६ तारखेला फळ्यावर एक ओळ लागतेच. शिवाय २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. हा आकडा इथल्या मुलांना न समजावता समजतो.

दुसरी ओळ बालगंधर्व, जन्म १८८८. या ओळीवर सर रेंगाळले. लहानग्या नारायण राजहंसाचा आवाज महाराजांनी ऐकला, त्याच्या कानाच्या उपचारासाठी त्याला मिरजेला पाठवलं आणि तिथंच किर्लोस्कर नाटक मंडळीशी त्याची गाठ पडली. एकाच तारखेला जन्मलेली दोन माणसं, १४ वर्षांच्या अंतरानं, आणि थोरल्यानं धाकट्याची वाट लावून दिली (चांगल्या अर्थानं, हे मुलांना मुद्दाम सांगावं लागतं). असा धागा दिनविशेषात क्वचित मिळतो. एरवी तारीख ही योगायोगाची जागा. तिथं कुणीही कुणाच्या शेजारी येऊन बसतं.

तिसऱ्या ओळीसाठी मुलांनीच भांडून एकनाथ सोलकर मिळवला. मृत्यू २६ जून २००५. मुंबईच्या हिंदू जिमखान्यावर मैदान सांभाळणाऱ्या माणसाचा मुलगा, तिथल्याच खोपटात वाढलेला, फलंदाजाच्या बॅटीखाली उभा राहून २७ कसोटींत ५३ झेल घेणारा. यातला एकही शब्द मोबाइलवरच्या तयार परिपाठात नव्हता; तिथं नुसतं ‘क्रिकेटपटू एकनाथ सोलकर यांचे निधन’ होतं. सर म्हणाले, “नाव आणि साल लिहून काय करायचं? एक गोष्ट तरी पाहिजे त्याच्यामागं.” व. पु. काळे २००१ साली याच दिवशी गेले, पण त्यांना या वर्षी जागा मिळाली नाही. पाचवी-सहावीची पोरं अजून त्यांच्यापर्यंत आलेली नाहीत, हे कारण मला पटलं.

चौथी ओळ संयुक्त राष्ट्रांच्या सनदेची : १९४५, सॅन फ्रान्सिस्को, ५० देशांच्या सह्या. त्यात भारतही होता, स्वतंत्र नसताना. एका मुलीनं विचारलं, “मग सही कुणाची?” सरांनी ए. रामस्वामी मुदलियार हे नाव वहीच्या समासात लिहून घेतलं. वही अशीच वाढते.

पाचव्या ओळीला अडलं. १९७५ ची आणीबाणी २५ ला लिहायची की २६ ला? राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांची सही २५ च्या रात्रीची; इंदिरा गांधींनी आकाशवाणीवरून देशाला सांगितलं ते २६ च्या सकाळी. सरांनी ती ओळ सोडून दिली आणि जागतिक अमली पदार्थ विरोधी दिन टाकला. मला वाटतं, इथं ते जरा सोप्या वाटेनं गेले. घटना रात्री घडते आणि लोकांना सकाळी कळते, मग दिवस कोणता धरायचा, हा प्रश्न सहावीच्या मुलांना चांगला कळला असता.

तारखांचा गुंता याहून जुना आहे. शिवरायांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. त्याची १९ फेब्रुवारी १६३० झाली ती जुन्या, ज्युलियन पंचांगानं. आज आपण वापरतो त्या पंचांगानं तोच दिवस १ मार्चला येतो. इंग्रजांनी १७५२ साली २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर धरून आपलं पंचांग बदललं. आपल्या इतिहासातल्या कित्येक तारखा मात्र जुन्याच मोजणीत राहिल्या, आणि आपण त्या फळ्यावर निर्धास्त लिहितो. तिथी आणि तारीख अशा दोन शिवजयंत्या का, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. दोन तारखांचा हा प्रकार सहसा कुणी सांगत नाही.

आणि ज्याची तारीखच मिळत नाही त्याचं काय? गगनबावडा ही पंत अमात्यांची जहागीर. आज्ञापत्र लिहिणारे रामचंद्रपंत अमात्य इथल्या नावाशी कायमचे जोडलेले. रयतेच्या आंब्या-फणसाच्या झाडांना हात लावू नये, असं त्या काळी लिहून ठेवणारा माणूस. त्यांच्यासाठी वहीत एकही पान नाही. दिनविशेष तारखेच्या दारानं आत घेतो. तारीख नसली की गावचा थोर पुरुषही बाहेर उभा राहतो, आणि अमेरिकेतल्या दुकानात १९७४ च्या २६ जूनला च्युइंगमच्या पाकिटावरचा बारकोड पहिल्यांदा वाचला गेला, ही बातमी आरामात आत येते.

सरांना हे बोलून दाखवलं तर ते हसले आणि कपाटातून शाळेचं जनरल रजिस्टर काढलं. जुनी पानं. जन्मतारखेच्या रकान्यात वरून खाली १ जून, १ जून, १ जून. महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या शाळेत हेच दिसेल. बापाला मुलाचा जन्म सांगता यायचा तो ‘मोठ्या पुराच्या साली’ किंवा ‘भाताच्या कापणीत’ असा. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, गुरुजी अंदाजानं वय मोजायचे आणि १ जून टाकून मोकळे व्हायचे. ती तारीख पुढं दाखल्यावर, नोकरीच्या पुस्तकावर, पेन्शनच्या कागदावर चढली. म्हणून तर दरवर्षी ३१ मे ला सरकारी कचेऱ्यांत निरोपसमारंभांची रांग लागते. सरांचे वडील १ जूनचे, सासरेही १ जूनचे. घरात कुणी त्या दिवशी केक कापत नाही.

शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड ठेवला. अशा शाळांच्या रजिस्टरांतूनच शेतकऱ्यांच्या पोरांना आयुष्यातली पहिली लेखी तारीख मिळाली, मग ती अंदाजपंचे का असेना. २६ जूनच्या फळ्यावर मी आणखी एक ओळ लिहिली असती तर हीच. पण फळा माझा नाही.

घंटा झाली, परिपाठ झाला, पावसानं निम्मा गिळला. लगेच २७ ची पाळी असलेली दोन मुलं टेबलापाशी. वहीच्या पानावर रणजितसिंह, हेलन केलर, माणेकशा, राहुलदेव बर्मन. “सर, बंकिमचंद्र आजच्या पानावर पण आहेत आन् उद्याच्या पण.” जन्म १८३८, तारीख कुठं २६ कुठं २७. सरांनी दोन्हीकडं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं. धाकट्याला बर्मनच पाहिजे होता. का, तर वडील टेम्पो चालवताना त्याचीच गाणी लावतात. सर म्हणाले, माणेकशा नक्की. बर्मनची गाण्याच्या नावापलीकडची एक खरी ओळ उद्या घंटेच्या आधी आणलीस तर रणजितसिंहांना पुढच्या वर्षी घेऊ. मुलगा दप्तरावर प्लॅस्टिक ओढून वडिलांना विचारायला मधल्या सुट्टीतच स्टँडकडं निघाला, तेव्हा सरांनी त्याला परत बोलावून वर्गात बसवलं.