घरात ‘काहीतरी’ आहे!

‘भूतबीत काही नसतं हो!’ असं दिवसाउजेडी आपण सगळ्याच ठणकावून सांगतो. मुलं घाबरली की त्यांनाही तेच पढवतो. पण रात्री दीड वाजता, सगळं घर निजलेलं असताना, माडीवर पावलं वाजली तर? तेव्हा मात्र आपण पांघरूण डोक्यावरून ओढून घेतो आणि सकाळी मुकाट्यानं चहाचं आधण ठेवतो. सांगायचं तरी कुणाला? सासूबाईंना सांगावं, तर त्या लगेच मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढायला बसणार. ‘ह्यां’ना सांगावं, तर वर्तमानपत्रातून डोकंही वर न काढता म्हणणार, “मनाचे खेळ!”

मैत्रिणींनो, आज अशाच एका गृहिणीची हकिगत तुम्हांला सांगायची आहे. गोष्ट झपाटलेल्या घराची आहे, पण मनची नाही. विल्यम विल्मर नावाच्या अमेरिकेतल्या नामांकित नेत्रतज्ज्ञांनी ती १९२१ साली तिकडच्या डोळ्यांच्या वैद्यकीय मासिकात छापली. त्या कुटुंबाचं नाव त्यांनी गुप्त ठेवलं, नुसतं ‘एच’ एवढं अक्षर दिलं. आता डोळ्यांच्या डॉक्टरांचा आणि भुतांचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. जरा धीर धरा.

साल १९१२, नोव्हेंबर महिना. हे एच कुटुंब एका मोठ्या, जुन्या घरात राहायला गेलं. घर १८७० च्या सुमाराचं, उंच छताचं, ऐसपैस, पण डागडुजी न झालेलं. खाली जाड गालिचे, त्यामुळे नोकरमाणसं वावरली तरी पाऊल म्हणून वाजायचं नाही. सगळीकडे सामसूम. थंडी कडाक्याची, तेव्हा घर ऊबदार ठेवायला, तिकडच्या रिवाजाप्रमाणे, एक भट्टी होती.

थोड्याच दिवसांत बाईंना चमत्कारिक अनुभव येऊ लागले. एकदा डोक्यावरच्या खोलीत पावलं वाजली म्हणून त्या लगबगीनं वर गेल्या, तर तिथं कुणीच नाही. घराच्या त्या बाजूला त्या एकट्याच! रात्री अंथरुणावर पडलं की सामानाच्या खोलीतून आवाज यायचे. कुणी दाराला टेबलं-खुर्च्या लावून ठेवतंय, काचेची भांडी हलवतंय असे. मधूनच एखादा दीर्घ सुस्कारा. बोळातून चालताना वाटायचं, कुणीतरी मागून येतंय, आता हात लावणार!

बाई मात्र धीराच्या, भित्र्या नव्हत्या. एक दिवस भर सकाळी दिवाणखान्यातून जेवणघरात जाताना समोरून एक अनोळखी स्त्री येताना दिसली. काळे केस, काळा पोशाख. बाई न थांबता तशाच पुढे गेल्या, तर ती स्त्री नाहीशी झाली आणि तिच्या जागी दिसलं आरशातलं त्यांचंच प्रतिबिंब! अंगात फिकट रंगाचं रेशमी पोलकं. बाई स्वतःशीच हसल्या. उजेडानं आणि आरशानं बरं फसवलं म्हणाल्या. असं एकदा नव्हे, तीनदा झालं, आणि दर वेळी त्यांनी ते हसण्यावारी नेलं.

पण हसण्यावारी न जाणाऱ्या गोष्टीही त्याच घरात चालल्या होत्या. बाईंचं डोकं सारखं ठणकायचं. अंगात त्राण नसायचं. मुलं फिकट पडली, खेळेनाशी झाली, त्यांची सर्दी हटेना. कुंड्यांतली झाडंसुद्धा माना टाकून मेली. आता सांगा, यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर आपण काय म्हणतो? डोकं दुखतंय? घर लावण्याची दगदग झाली. मुलं किरकिरतात? हवा बदलली. झाडं वाळली? ऊन मिळालं नसेल. सगळ्याला उत्तर असतं, आणि म्हणूनच सगळ्या गोष्टी एका ठिकाणी मांडून बघायचं राहून जातं.

मग आली ती रात्र. बाईंना जाग आली तर पलंगाच्या पायथ्याशी एक पुरुष आणि एक स्त्री! स्त्री तरुण, सावळी, शेलाटी, डोक्यावर मोठी टोपी. पुरुष वयस्क, थोडा टकला. बाईंनी उठायचा प्रयत्न केला, तर हातपाय हलेनात. सगळं शरीर जखडल्यासारखं झालं. एकाएकी खांद्यावर कुणीतरी टिचकी मारल्याचा भास झाला, त्या दचकून उठून बसल्या आणि ती दोघं विरून गेली. आता इथं आरसा नव्हता हो! हसायचं कशाला?

अशातच नात्यातल्या एका गृहस्थाच्या कानावर हे सगळं गेलं. तो हसला नाही, की कुठला मांत्रिक बघा असंही म्हणाला नाही. त्याच्या वाचनात पूर्वी एक लेख आला होता. एका अख्ख्या कुटुंबाला विषारी वायू बाधला आणि त्यांना नाही नाही ते भास होऊ लागले, असा. तो म्हणाला, “तुम्हांला विषबाधा तर होत नाही ना? आधी जाणकार माणूस बोलावून घर तपासा!”

जाणकारानं येऊन पाहिलं तर भट्टी अगदी मोडकळीला आलेली. इंधन धड जळत नव्हतं आणि त्याचा वायू धुराड्यातून वर जाण्याऐवजी राहत्या खोल्यांत शिरत होता. त्यानं सांगितलं, मुलांना आज एक रात्रही इथं निजवू नका. निजवलंत, तर सकाळी त्यांतलं एखादं उठणार नाही!

विचार करा, त्या आईच्या काळजात कसं चर्र झालं असेल! पलंगाच्या पायथ्याशी बसलेल्या त्या दोघांपेक्षा हे एक वाक्य किती तरी भयंकर. कालपर्यंत ‘भास असतील’ म्हणून चालढकल चालली होती, आता एका रात्रीचीही उसंत नव्हती. पुढे चौकशी केली तेव्हा कळलं, त्या घरात आधी राहून गेलेल्यांनाही असेच अनुभव आले होते आणि त्यांच्याही प्रकृतीच्या तक्रारी होत्या. भट्टीचा बंदोबस्त झाला आणि भुतांनी मुक्काम हलवला.

त्या विषाचं नाव कार्बन मोनॉक्साइड. कोळसा, लाकूड, रॉकेल, गॅस, पेट्रोल, काहीही जळताना हवा अपुरी पडली की हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना झोंबत नाही, ठसका लागत नाही. आपल्या सिलिंडरच्या गॅसला जो उग्र दर्प असतो तो मुद्दाम घातलेला असतो, गळती कळावी म्हणून. जळल्यावर होणाऱ्या या वायूला तसा दर्प नाही. श्वासातून तो रक्तात गेला की रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक जोरानं चिकटतो. मग प्राणवायूला जागाच उरत नाही. मेंदू उपाशी राहतो, आणि उपाशी मेंदूला काय दिसेल, काय ऐकू येईल, याचा नेम नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ही हकिगत का छापली, ते आता कळलं ना?

आणि ज्यांनी वेळीच धावपळ केली नाही त्यांचं काय होतं, तेही ऐका. एमिल झोला हा जगप्रसिद्ध फ्रेंच कादंबरीकार. १९०२ च्या सप्टेंबरातली गोष्ट. पॅरिसच्या घरात शेकोटी पेटवलेली आणि धुराडं चोंदलेलं. रात्री नवरा-बायको दोघांचंही डोकं दुखू लागलं, मळमळू लागलं. खाण्यात काही आलं असेल, नोकरांना कशाला उठवायचं, असं म्हणून ते गप्प राहिले. पुढे झोला खिडकी उघडायला उठले आणि खाली कोसळले ते पुन्हा उठले नाहीत. पत्नी तेवढी वाचली. ‘कशाला उगीच सगळ्यांना उठवायचं!’ हे वाक्य आपल्याही तोंडात किती असतं, नाही?

तुम्ही म्हणाल, “अहो, आमच्याकडे कुठली आलीय भट्टी आणि धुराडं?” मग जरा आपल्याच घरात फेरी मारू या. दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये एवढंसं न्हाणीघर, त्यात भिंतीवर गॅसचा गिझर. थंडीचे दिवस, म्हणून खिडकी घट्ट लावलेली, झरोक्याला पुठ्ठा ठोकलेला. आत एकामागून एक चौघांच्या आंघोळी. शेवटची पाळी अर्थात गृहिणीची! बाहेर येते ती डोकं धरूनच. “पित्त झालंय मला, उपाशीपोटी न्हायले ना,” असं म्हणून ती आल्याचा तुकडा तोंडात टाकते नि पोळ्या लाटायला बसते. मीही हेच करत होते, बरं का. शनिवारी डोक्यावरून न्हाणं झालं की माझं पित्त हटकून उसळायचं. बाकीचे सहा दिवस कुठं जायचं ते पित्त? हा प्रश्न मला दोन हिवाळे पडला नाही. एका शनिवारी न्हाणीघराच्या दाराशीच भोवळ आली, तेव्हा कुठे माझे डोळे उघडले.

पूर्वी तांब्याचा बंब अंगणात किंवा मागच्या पडवीत पेटायचा, ते काही उगीच नव्हे. पण त्याच आपल्या घरांत बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवून खोलीची दारं-खिडक्या गच्च लावायचीही पद्धत होती. बाळंतीण बडबडू लागली, बाळ मलूल झालं, की ‘बाहेरचं लागलं’ म्हणायचं. त्यातलं किती बाहेरचं आणि किती शेगडीतलं, कोण जाणे!

तेव्हा मैत्रिणींनो, एवढं लक्षात ठेवाच :

१. गॅसचा गिझर न्हाणीघराच्या आत नको, बाहेर मोकळ्या हवेत बसवून घ्या आणि नळानं पाणी आत आणा. ते जमेपर्यंत बादली आधी भरून घ्या, गिझर बंद करा, दार-खिडकी उघडून हवा खेळू द्या आणि मगच आंघोळीला जा.

२. थंडी कितीही असो, झरोका बुजवू नका.

३. ज्योत पिवळी दिसली, भांड्यांना किंवा भिंतीला काजळी धरू लागली, तर लगेच माणूस बोलावून बर्नर साफ करून घ्या. ज्योत निळी असली तरी कोंदट जागेत गाफील राहू नका.

४. कोळशाची शेगडी पेटती ठेवून बंद खोलीत कधीही निजू नका. निखारे विझल्यासारखे दिसले तरीही नाही. बाळंतिणीच्या आणि गर्भारशीच्या खोलीत तर नाहीच नाही. पोटातल्या बाळाला हा वायू आईपेक्षाही जास्त बाधतो.

५. मुलं आंघोळीला गेली की आतून कडी लावू देऊ नका. दर दोन-तीन मिनिटांनी हाक मारा आणि ‘ओ’ आलीच पाहिजे, असा नियम करा.

६. घरातल्या दोघा-तिघांचं डोकं एकाच वेळी दुखतं, मळमळतं, गरगरतं आणि बाहेर गेलं की बरं वाटतं, अशी खूण पटली तर तर्क लढवत बसू नका. जळतंय ते बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि सगळे बाहेर व्हा.

७. कुणी आत कोसळलं असेल तर आधी दार उघडून त्याला मोकळ्या हवेत ओढून आणा. तुम्ही आत रेंगाळू नका. कांदा हुंगवणं, लिंबू पिळणं यात वेळ घालवू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि डॉक्टरांना आवर्जून सांगा, ‘गॅसचा गिझर चालू होता’ किंवा ‘शेगडी पेटलेली होती’. हे सांगितलं नाही, तर त्यांना कळायला उशीर होतो. करोनापासून बोटाला लावायचं ते ऑक्सिजन मोजायचं यंत्र घरोघरी आलंय, पण या विषबाधेत ते फसवतं. रक्तात विष भिनलेलं असतानाही आकडा उत्तम दाखवू शकतं.

या वायूची चाहूल लागताच वाजणारं छोटं यंत्रही आता बाजारात मिळतं. गॅसवर पाणी तापवणाऱ्या घरानं ते जरूर घ्यावं. दिवाळीत एक साडी कमी घेतली तरी चालेल.

त्या एचबाईंच्या घरात भूत नव्हतं. पण म्हणून ‘घरात काहीतरी आहे’ हे त्यांचं म्हणणं खोटं होतं का? मुळीच नाही. भूत मानणारे चुकले, तसे ‘मनाचे खेळ’ म्हणून हसणारेही चुकले. बरोबर निघाला तो, ज्यानं बाईचं म्हणणं खरं धरलं आणि कारण शोधलं.

घराची नाडी आपल्याच हातात असते. मुलगा आज गप्प का, सासूबाई दोन घास कमी का जेवल्या, हे आपल्यालाच आधी कळतं. तेव्हा तुम्हांला ‘काहीतरी’ जाणवलं, तर लाजू नका आणि स्वतःच स्वतःला हसूही नका. उठा, आधी खिडकी उघडा. भूत आहे की नाही, त्याचा वाद बाहेर ओट्यावर बसून घालता येईल.